तांदळात लिहिलेलं नाव

माझ्या मुलीचं सासर ग्रीसच्या डोंगरात आहे. दुबईत, रास अल खोरच्या भाजीबाजारात हे कुणाला सांगितलं की समोरचा विचारतो, "ग्रीसमध्ये डोंगर आहेत?" लोकांना ग्रीस म्हणजे निळा समुद्र आणि पांढरी घरं एवढंच ठाऊक. या गावातून समुद्र दिसत नाही. घरं दगडाची, छपरांवरही करड्या दगडाच्या पाट्या, भोवती चेस्टनटची झाडं. मधोमध एक जुना चिनार, त्याच्याखाली झरा आणि झऱ्याला लागून कॉफीचं दुकान. उन्हाळ्यात शहरातली पोरंबाळं परत आली की दीडशे माणसं, हिवाळ्यात जेमतेम अकरा. त्या अकरात माझी मुलगी.

मी कांदा-डाळिंबाचा घाऊक व्यापारी. सांगलीकडून आलो तेव्हा दुसऱ्याच्या गोदामात पोती मोजत होतो, आज माझं स्वतःचं गोदाम आहे. ते मी भाव करून मिळवलं. इराणी, पठाण, मलबारी, सगळ्यांशी घासाघीस केली आणि फार थोड्यांपुढे हरलो. माझा हुकमी डाव एकच, समोरचा अडला की उठायचं आणि मागे न बघता चालू लागायचं. दहा पावलांच्या आत परत बोलावणारी हाक येते, "हबीबी, तआल, तआल." त्या हाकेवर माझं घर उभं राहिलं.

मुलगी इथंच वाढली. आम्ही मराठीत बोलायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. शिकायला युरोपात गेली आणि तिथं तिला हा मुलगा भेटला. तोपर्यंत मला काही वाटलं नाही. मुलगा सरळ होता, घरून कंप्युटरवर काम करायचा, बापाचं दगडी घर दुरुस्त करून तिथंच राहायचं म्हणत होता. मी फक्त विचारलं, "वीज आहे का तिथं?" तर म्हणाली, "बाबा, please."

राग आला तो नंतर. लग्न त्यांच्या चर्चमध्ये व्हायचं म्हणून तिला आधी बाप्तिस्मा घ्यावा लागला आणि पाद्र्याने तिला नवं नाव दिलं. हे मला लग्नानंतर कळलं. मी ठेवलेलं नाव, कागदावर मी स्वतः लिहून दिलेलं, आणि डोंगरातल्या कुणा दाढीवाल्याने पाण्यात बुडवून ते काढून टाकलं! मी घरात इतका ओरडलो की शेजारच्या केरळी बाईने दार वाजवलं. अल कुसैसच्या त्या बिल्डिंगमध्ये भिंती पातळ आहेत.

बायको भाजी निवडत होती. म्हणाली, "माझं बदललंत तेव्हा कुणी एवढा आरडाओरडा केला होता?"

"ती आपली पद्धत होती."

"त्यांचीही पद्धतच असेल की."

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. आमच्या लग्नात ताम्हणात तांदूळ पसरले होते आणि मी सोन्याच्या अंगठीने त्यात तिचं नवं नाव लिहिलं होतं. माझ्या नावाला जुळेल असं, आईने आणि मी मिळून निवडलेलं. पेढे वाटले गेले. त्या दिवसापासून ती तीच झाली, रेशनकार्डावर, पासपोर्टवर, इथल्या एमिरेट्स आयडीवर. दोन्ही नावं मी इथं लिहीत नाही.

व्याह्याशी मी दोन वर्षं धड बोललो नाही. तो विधुर, मधमाश्या पाळणारा. तरुणपणी जहाजावर काम केलेलं, त्यामुळे बंदरातली मोडकीतोडकी इंग्रजी येते. मला 'सिंबेथेरे' म्हणतो. त्यांच्यात व्याह्यासाठी हा वेगळा शब्द आहे. इंग्रजीत तो नाही, म्हणून इथं लोकांना समजावताना माझी जीभ थकायची. या म्हाताऱ्याला काही समजवावं लागलं नाही, एवढंच त्याच्याबद्दल मला तेव्हा बरं वाटायचं.

मग पहिली नात झाली. तिला म्हाताऱ्याच्या मेलेल्या बायकोचं नाव ठेवलं. त्यांच्यात ठरलेलंच असतं. पहिली मुलगी बापाच्या आईच्या नावाची, दुसरी आईच्या आईच्या. पोरगी चालायला लागली आणि फोनवर आम्हाला रोज एकच दृश्य दिसू लागलं. म्हातारा चिनाराखाली उभा राहून बायकोच्या नावाने हाक मारतोय आणि दगडी बोळातून ती पोर धावत येतेय. दिवसातून वीस वेळा. कारण नसलं तरी हाक मारायचा.

बायको फोन हातात धरून बघत बसायची. एकदा म्हणाली, "मला माझ्या नावाने कुणी हाकच मारली नाही हो. आई-अण्णा गेले, तेव्हापासून."

"मी काय करतो मग?"

"तुम्ही 'अगं' म्हणता."

ते खरं होतं. एकतीस वर्षं मी 'अगं' आणि 'ऐकलंस का' यावर काढली.

तोवर तिच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. गाडीत ती मागच्या सीटवर आडवी व्हायची आणि हॉस्पिटलच्या पार्किंगचे दिरहॅम रुपयांत मोजून चिडायची, "एवढ्यात आमच्या गावात रिक्षा विकत मिळेल." ती असं बोलली की मला बरं वाटायचं. चिडणारं माणूस इतक्यात जात नाही, असा माझा हिशेब.

दुसऱ्यांदा मुलगी होणार असं कळलं त्या दिवशी लेकीचा फोन आला. "आई, this one is yours. तुझं नाव. इथला rule आहे."

बायकोने पदराने फोनचा पडदा पुसला, जणू धुरकट झाला होता. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "नावाचं मी बोलेन पोरीशी. अजून वेळ आहे. तुम्ही मध्ये पडू नका."

"मी कशाला पडतोय," मी म्हणालो.

कुठलं नाव हवं ते बायकोला लेकीला तेव्हाच सांगता आलं असतं. पण तिचं म्हणणं होतं, बाळंतपण सुखरूप होऊ दे, मग निवांत सांगू. आणि त्यांच्यात बाप्तिस्मा होईपर्यंत बाळाला नाव नसतं. बाळ थंडीत झालं, बाप्तिस्मा ऑगस्टमध्ये व्हायचा होता. गावची जत्रा ऑगस्टमध्ये असते, तेव्हा सगळे येतात. एवढा अवकाश होता.

बाळ महिन्याचं झालं आणि एका सकाळी गोदामात असताना व्याह्याचा फोन आला. बायकोला डायलिसिसला सोडून मी नुकताच येऊन बसलो होतो. डाळिंबाचा कंटेनर उशिरा आला होता, निम्मा माल दबलेला, माझं डोकं आधीच तापलेलं.

"सिंबेथेरे," तो म्हणाला, "पाद्री म्हणतो, तुझ्या बायकोच्या नावाचा कुणी संत नाही. तो चर्चमध्ये संताचं नाव ठेवणार. घरी आम्ही तुमचं बोलवू. ठीक?"

लेकीने त्याला नाव सांगितलं होतं. तिला माहीत होतं तेच.

माझा भडका उडाला. "आधी माझ्या मुलीचं नाव खाल्लंत, आता तिच्या आईचं? घरी बोलवू म्हणे! मागच्या दाराने? नाव चर्चमध्ये पडेल, कागदावर पडेल, नाहीतर नकोच. आणि तसं झालं तर आम्ही येणार नाही. खलास." आणि फोन कापला.

म्हणजे मी उठून चालू लागलो होतो. फोन टेबलावर उताणा ठेवला आणि माल बघायला गेलो. परत आलो, हाक नव्हती. दुपारी नव्हती, संध्याकाळीही नव्हती. मला माझ्या डावाची पहिल्यांदाच भीती वाटली. घरी मी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. पडद्यावर म्हाताऱ्याच्या अंगात कोट होता, टोपीवर बर्फ. मागे त्याचं घर नव्हतं, कुठलंतरी बसस्टॉपसारखं आडोशाचं छप्पर होतं. खालच्या गावात पाद्री राहतो, रस्ता बर्फाने बंद होता, तर हा चालत उतरला होता. पंचाहत्तरीचा माणूस.

"झालं," तो म्हणाला. "दोन नावं. तुमचं पुढे, संताचं मागे. चर्चमध्ये, कागदावर, सगळीकडे. आता मला नीट सांग. एकेक अक्षर. मी लिहितो."

मी एकेक अक्षर सांगितलं. त्याने मधाच्या बाटलीच्या लेबलामागे ते त्याच्या लिपीत लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं, उच्चार चुकला तो मी सुधारला. मग तो म्हणाला, "काल तू फोनवर रडत होतास. बायकोसाठी माणूस असा रडतो, ते मला माहीत आहे."

मी रडत नव्हतो. मी भाव करत होतो. पण ते त्याला सांगून काय करणार?

त्या संध्याकाळी घरात शिरता शिरताच मी म्हणालो, "जमलं! नाव पुढे, संत मागे. पाद्री पण गप्प."

बायको सोफ्यावर पडून होती. "तुम्ही बोललात?"

"काल त्याचाच फोन आला. तू दवाखान्यात होतीस."

"कुठलं नाव सांगितलंत?"

"कुठलं म्हणजे? तुझं."

"माझी दोन आहेत."

मी एक बूट काढला होता, दुसरा पायात होता. तसाच उभा राहिलो.

"पासपोर्टवरचं," मी म्हणालो.

"ते तुमचं. तुमच्या नावाला जुळवून तुम्ही ठेवलेलं." ती चिडून बोलत नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं. "माझं अण्णांनी ठेवलेलं. बांधावर उमलतं त्या फुलाचं. शेजारीपाजारी हसायचे, हे काय माणसाचं नाव आहे? पण अण्णा शेतातून हाक मारायचे ना, ओढ्यापलीकडे ऐकू यायची. मला वाटलं, तिथं तसाच डोंगर आहे. तसंच कुणीतरी हाक मारेल."

"मग बदलून घेतो. त्यात काय! आत्ता फोन लावतो."

"लावा," ती म्हणाली.

मी फोन लावला नाही. आत्ता तिथं उशीर झाला असेल म्हणालो. तिथं आणि इथं फक्त दोन तासांचा फरक आहे, तोही त्यांचं घड्याळ मागे, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

का लावला नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. एक, आमच्या धंद्यात शब्द दिला की तो फिरवत नाहीत. फिरवणाऱ्याला बाजार नंतर सौदा न देता पोत्यावर बसवून ठेवतो. दोन, तो म्हातारा बर्फातून उतरला होता. पण खरं कारण हे की मला त्याला म्हणावं लागलं असतं, ज्या नावासाठी मी तुझ्यावर ओरडलो ते माझ्या बायकोचं नव्हतं, तिचं कुठलं हे मी तिला विचारलंच नव्हतं. ज्याच्या चर्चने माझ्या मुलीचं नाव बदललं म्हणून मी दोन वर्षं तोंड फिरवलं, त्याच्यापुढे हे बोलायचं. माझ्याच्याने होईना.

मग मुलीला तरी सांगायचं. पण ती रात्रीची जागरणं, दोन लहान पोरी, आईच्या आजाराची काळजी. म्हटलं सांगू. ऑगस्ट लांब आहे.

बायकोने नंतर दोनदा विचारलं, "बोललात का?" मी दोन्ही वेळा "बोलतो" म्हणालो. ती स्वतः बोलली नाही. मी एकदा रागातच म्हणालो, "तू सांग ना मग पोरीला!" तर म्हणाली, "नाव काढून घेतलंत तुम्ही. द्यायचं असेल तर तुम्हीच द्या."

तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही. मे महिन्यात तिला न्यूमोनिया झाला आणि आठ दिवसांत ती गेली. जबेल अलीच्या स्मशानात नेलं. मुलगी तान्ह्या बाळाला घेऊन आली होती. आईच्या कपाटातल्या साड्या काढून एकेकीचा वास घेत होती आणि बाळाला सांगत होती, "See? This is whose name you'll get." मी दाराशी उभा होतो. तेव्हाही सांगितलं नाही.

ऑगस्टमध्ये गेलो. अथेन्सहून साडेपाच तासांचा रस्ता, शेवटचा तासभर नुसती वळणं. विमानात मी ठरवलं होतं. त्यांच्या चर्चमध्ये पाद्री नाव विचारतो आणि मूल उचलून धरणारा मानलेला बाप ते मोठ्याने सांगतो. तोवर काहीही बदलता येतं. मी पोचताच सांगणार होतो.

पोचलो तर व्याह्याने मला मिठी मारली आणि सोडेचना. त्यांच्यात पत्नी गेलेल्याला कसं भेटायचं ते त्याला माहीत होतं. त्याने मला चिनाराखाली बसवलं, कॉफी मागवली. दुकानात आलेला प्रत्येक माणूस माझ्या खांद्याला हात लावून गेला. पैसे द्यायला गेलो तर दुकानदार घेईना. मी सवयीने दोनदा आग्रह केला, तर म्हातारा म्हणाला, "इथं भाव करू नकोस."

संध्याकाळी लेकीच्या घरी गेलो. मोठ्या टेबलावर पांढऱ्या जाळीच्या पुरचुंड्यांचा ढीग होता. पाहुण्यांना द्यायचे साखरेत घोळलेले बदाम. प्रत्येक पुरचुंडीला रिबीन आणि प्रत्येक रिबिनीवर नाव. एका बाजूला ग्रीक अक्षरांत, दुसऱ्या बाजूला देवनागरीत. देवनागरी तिने स्वतः भरतकाम करून काढली होती. जिला शाळेत असताना मी मारूनमुटकून बाराखडी शिकवू शकलो नव्हतो, तिने.

"कसं झालंय, बाबा?" तिने विचारलं. मराठीत. "एक वेलांटी चुकली होती, परत उसवून केली. शंभर आहेत. आई असती तर म्हणाली असती, एवढ्या पैशात…" आणि ती रिबिनी सरळ करू लागली.

मी एक पुरचुंडी हातात घेतली. म्हणालो, "छान झालंय."

तिच्यासाठी तिची आई म्हणजे तेच नाव होतं. शाळेच्या फॉर्मवरचं, डायरीवर सही केलेलं. दुसरं तिने उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. दुसरं सांगितलं असतं तर त्या शंभर रिबिनी कुणा परक्या बाईच्या झाल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये जुन्या रीतीप्रमाणे लेक बाहेर थांबली. नाव सांगेपर्यंत आईने आत यायचं नसतं. व्याही माझ्याजवळ आला. "त्या मानलेल्या बापाला मी सांगितलंय, सिंबेथेरे. नाव तू त्याच्या कानात सांगायचंस. तुझा मान." आमच्याकडे बारशाला आत्या बाळाच्या कानात सांगते, तसं.

मी त्या मानलेल्या बापाच्या कानाशी वाकलो. पाण्याचं मोठं घंगाळ, धुपाचा वास, बाळ उघडं, हातपाय झाडणारं. पाद्री थांबला होता. कुणीही घाई करत नव्हतं. दोन्ही नावं माझ्या तोंडात होती.

मी रिबिनीवरचं सांगितलं.

तो मोठ्याने बोलला, पाद्री बोलला, बाळाला तीनदा बुडवलं. गावातली पोरं दाराकडे धावली. जो आईला आधी नाव सांगेल त्याला नाणं मिळतं. बाहेरून आरडाओरडा ऐकू आला आणि मग माझ्या लेकीचं रडणं. आनंदाचं होतं. मी लेकीला हा आनंद दिला तो खरंच दिला, यात मी खोटं बोलणार नाही. पण ती जागा तिच्या आईच्या माहेरच्या नावाची होती आणि आईने ती माझ्याकडे मागून ठेवली होती.

परत आल्यावर मेहुण्याला फोन केला, बायकोचा धाकटा भाऊ. विचारलं, तिच्या माहेरच्या नावाने तिला हाक मारणारं कुणी आहे का अजून तिकडे? तो विचार करून म्हणाला, "नाही हो दाजी. मी तर ताईच म्हणायचो. आता ते नाव घेणारं कोण असणार?"

आता धाकटी नात चालते. शुक्रवारी दुपारी मी कुसैसच्या घरातून फोन लावतो. म्हातारा तिलाही थोरलीसारखाच बोळातून हाक मारायचा, माझ्या नावाला जुळणारं ते नाव, दगडी भिंतींवर आपटून माझ्या हॉलमध्ये यायचं. ती धावत यायची. मी तिला 'बाळ' म्हणायचो. एकदा लेकीने विचारलंच, "बाबा, तुम्ही तिला नावाने का नाही बोलावत? कधीच नाही."

तेव्हाही संधी होती. मी म्हणालो, "आपल्यात गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत, बाळा. त्रास होतो."

अशी कुठलीच पद्धत आपल्यात नाही. तिला ते ठाऊक नव्हतं. तिने मान हलवली आणि बहुधा ग्रीकमध्ये सासऱ्याला समजावलं, कारण पुढच्या शुक्रवारपासून फरक पडला. आता माझा फोन लागला की तो म्हातारा हाक मारत नाही. टोपी काढून पडद्यासमोर मला मान लववतो, मग बोळाच्या तोंडाशी जाऊन नुसता हात हलवतो, ती बघेपर्यंत. तिचं लक्ष नसलं तर हलवत राहतो.